ह्यांच्या नावची पुस्तकं

६ जानेवारी

ही वही खरं तर ह्यांची. समुपदेशक बाईंनी ह्यांना दिली, रोज मनात येईल ते चार ओळी लिहायला. महिना होत आला, पहिलं पानसुद्धा उलटलेलं नाही. कागद जाड, शिलाई पक्की. अशी वही कोरी पडू द्यायची जिवावर आलं, म्हणून आजपासून मीच लिहायला घेतली. रोजचा हिशेब मांडायची सवय मला लग्नापासूनची आहे, पण त्यात दूध, साबण, भाडं एवढंच येतं. माणसांना त्यात रकाना नसतो. मॅट्रिकला निबंधात मला बरे मार्क होते, तेव्हा जमेल.

ह्यांना विचारलं, "मी लिहू का यात?"

"लिही," म्हणाले. दिवसभरात बोलले ते तेवढंच.

ह्यांच्या दुखण्याचं हे तिसरं वर्ष आहे. आधी वाटलं थकवा, मग वाटलं कुणाचं बोलणं लागलं, मग डॉक्टर म्हणाले की हा आजारच आहे, लांबणारा, फक्त बाहेरून दिसत नाही. हे मोठ्या ग्रंथालयाच्या दुरुस्ती खात्यात बाइंडर आहेत. सुटलेली, कुरतडलेली पुस्तकं उसवायची, पुन्हा शिवायची, खळ लावून पुठ्ठा चढवायचा. आमचं ठरलं तेव्हा माझे वडील सगळ्यांना सांगत होते, मुलगा डॉक्टर आहे, फक्त पुस्तकांचा.

ग्रंथालयाने आता शेवटची मुदत दिली आहे. जूनअखेर हे कामावर जाऊन टिकले तर जागा ह्यांची, नाहीतर आजारपणाच्या कारणाने मोकळं करणार. बाईसुद्धा त्यांनीच नेमून दिल्यात. देवा, जागा राहू दे. घर मी कसंही चालवीन, पण ह्या माणसाला सकाळी उठून जायला ठिकाण राहू दे.

९ जानेवारी

बाईंकडे जाऊन आलो. छोटी खोली, तीन खुर्च्या, कोपऱ्यात प्लॅस्टिकचं झाड. पानांवर धूळ होती, पुसून टाकावीशी वाटली. बाई वयाने लहान आहेत, पण बोलणं थोराड.

त्यांचं म्हणणं असं, की मन तयार झालं की काम करू म्हणून बसलं, तर मन कधीच तयार होत नाही. हात आधी, मन मागून. मला फार पटलं. नामस्मरणाचं तसंच आहे. मन लागेपर्यंत थांबलं असतं तर जगात कुणी देवाचं नाव घेतलं नसतं.

मग माझ्याकडे वळल्या. "काकू, तुमचं काम एकच. त्यांच्या वाटचं काही करायचं नाही."

"मग मी काय करू?"

"काहीच नाही."

आजवर मला असलं काम कुणी सांगितलं नव्हतं.

"आणि त्यांच्या हातून वाईट झालं तर?"

"होऊ दे. अर्धवट राहू दे. पण त्यांचं असू दे."

हे मात्र पटलं नाही. शिकलेल्या माणसांना अर्धवट कामाची भीती नसते, कारण निस्तरायला दुसरं कुणीतरी असतं. मी मान हलवली. उतरताना जिन्यावर ह्यांचा हात धरला, तर ह्यांनी तो हळूच सोडवून कठड्यावर ठेवला. थंड होता का माझा हात, कोण जाणे.

१४ जानेवारी

आज हे आपले आपण उठून दात घासून आले. रोज काय काय केलं त्याचा तक्ता बाईंनी दिलाय, त्यात ही पहिलीच खूण. ब्रशला पेस्ट मी लावून ठेवली होती, पण तेवढ्याने काही होत नाही.

१९ जानेवारी

वन्सं आल्या होत्या. ह्यांच्या थोरल्या बहीण, नवऱ्यामागे दुकान सांभाळतात, तोंडाने फटकळ. आल्या आल्या खोलीत डोकावल्या.

"काय रे, उठलास की अजून कोंबड्याची वाट बघतोयस?"

हे किंचित हसले. मला बघून हसत नाहीत, वन्संना बघून हसतात.

मी पाण्याचा पेला नेऊन ह्यांच्या हातात दिला, तशा वन्सं म्हणाल्या, "अगं, तांब्या तिथंच आहे की, हाताच्या अंतरावर. उद्या घास चावून तोंडात घालशील त्याच्या."

"आजारी माणूस आहे, वन्सं."

"आजारी आहे, कळलं. लुळा नाही ना?"

त्या गेल्यावर मला रडू आलं. यांना काय जातंय बोलायला, दोन तासांच्या पाहुण्या. पेला रिकामा करून ह्यांनी कुशी बदलली.

२६ जानेवारी

पिशवी आली. बाईंनी आणि खात्याच्या साहेबांनी मिळून ठरवलंय की आधी काम घरी पाठवायचं, थोडीशी पुस्तकं, आठवड्याने न्यायची. चांगली जमायला लागली की मग अर्धा दिवस खात्यात, मग पूर्ण.

पिशवी घेऊन खळकाका आले. हे ह्यांचे बाजूच्या मेजावरचे जोडीदार. जन्मभर खळ शिजवून आणि लावून त्यांच्या बोटांची सालं निघालेली असतात, म्हणून खात्यात हे नाव.

"वहिनी, तुमच्या नवऱ्यावाचून माझी पंचाईत झाली हो. माझ्या विनोदाला न हसणारा तोच एक होता. आता सगळेच हसतात, मजा गेली."

ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सोपी सोपी निवडून आणलीत, राजा. पोरांची पुस्तकं. फाडायला पोरं आहेत म्हणून आपलं पोट आहे."

मेज खिडकीशी लावलं. आरी, सुया, मेण लावलेला दोरा, घडी घासायचं हाड, सगळं ओळीने मांडलं. मैद्याची खळ शिजवून दिली. एवढी तर मी नेहमीच करत आले आहे.

३ फेब्रुवारी

हे मेजाशी बसतात. पुस्तक उघडतात, मिटतात. सुईत दोरा ओवतात आणि सुई हातात धरून खिडकीबाहेर बघत राहतात. बाहेर बघण्यासारखं काही नाही, समोरच्या घराची भिंत आहे. मग उठून पडतात.

खळकाका उद्या येणार. एकही पुस्तक झालेलं नाही. पिशवी तशीच परत गेली तर साहेब काय समजायचं ते समजतील.

दुपारी हे झोपले तेव्हा मी एक पुस्तक जवळ ओढलं. नुसतं बघायला. फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, सुटले होते, दोरा कुजलेला. इतकी वर्षं ह्यांना घरी जादा काम करताना पाहिलंय मी. फर्मा उघडायचा, घडीत भोकं पाडायची, आतून बाहेर, बाहेरून आत, मग मागच्या फर्म्याला अडकवून पुढे. उशीच्या अभ्र्यापेक्षा अवघड नाही. एक झालं. मग वाटलं एकाने काय होतंय, म्हणून आणखी दोन केली.

देवापुढे बसले आणि म्हटलं, देवा, हात माझे असले तरी नाव त्यांचंच लाव. मला त्यात काही नको.

४ फेब्रुवारी

खळकाका म्हणाले, "अरे वा! हात आहे तिथंच आहे की!"

हे माझ्याकडे बघत होते. मी खळीचं भांडं घासायला आत गेले.

१७ फेब्रुवारी

बाईंनी विचारलं, "पुस्तकं शिवताना कसं वाटलं?"

हे म्हणाले, "शांत होतं घर."

बाईंनी लिहून घेतलं. त्या खूश दिसल्या. मीही दोन महिन्यांनी पोटभर जेवले.

२५ फेब्रुवारी

माझा टाका आता सारखा पडतो. पहिल्या पुस्तकांत पाठ सैल राहायची, आता राहत नाही. दुपारचं काम आवरून मेजाशी बसलं की वेळ कसा जातो कळत नाही, आणि उठले की हलकं वाटतं. तेवढ्यापुरतं आजारपण आठवत नाही. आज शिवताना मागून आवाज आला, "गाठ आतल्या बाजूला घ्यायची असते."

मी दचकून वळले. हे भिंतीकडे तोंड करून पडलेले, डोळे मिटलेले.

"कसली गाठ?" मी विचारलं.

 झोपेत बरळले असावेत. गाठ मात्र उसवून आतल्या बाजूला घेतली.

८ मार्च

आज काय झालं ते नीट लिहून ठेवते. हे सकाळी उठले, तोंड धुतलं, मी हाक न मारता मेजाशी जाऊन बसले. अंकलिपीचं एक पातळ पुस्तक घेतलं. दोन टाके घातले आणि थांबले. मला वाटलं आता उठतील. उठले नाहीत. मी दाराआडून बघत होते, तोंडात नाव चालू होतं. जेवायच्या आधी आणखी दोन.

११ मार्च

अजून तेच पुस्तक चाललंय. दिवसाला चार टाके, कधी तेही नाहीत.  दोनदा सुई बोटात गेली. मी चिंधी घेऊन धावले तर म्हणाले, "असू दे. मी बांधतो." बांधली, अगदी ओबडधोबड.

१३ मार्च

पुस्तक झालं. ह्यांनी ते बाकीच्यांच्या वर ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. संध्याकाळी स्वतःहून म्हणाले, "चहा कर थोडा." चहा पिताना मेजाकडे बघत होते.

उद्या खळकाका येणार. हे पडल्यावर मी ते पुस्तक हातात घेतलं. काय सांगू. टाके कुठे लांब कुठे आखूड, पाठ एका अंगाला कलंडलेली, पुठ्ठ्याबाहेर खळ आलेली, आणि एक फर्मा चक्क उलटा, सगळी अक्षरं डोक्यावर उभी. वीस-बावीस वर्षं हेच करत आलेल्या कारागिराचं काम हे! साहेबांनी पाहिलं तर म्हणतील, मागचं कुणी केलं मग? इतक्या आठवड्यांवर पाणी.

सगळं उसवलं. नवा दोरा घेऊन फर्मा सरळ करून शिवलं, पुठ्ठाही बदलला. देखणं झालं. वरच ठेवलं, त्यांनी ठेवलं होतं तिथंच.

१४ मार्च

सकाळी हे आधी मेजाकडे गेले. पुस्तक उचलून पाठीवरून बोट फिरवलं.

"हे वरचं?"

मी म्हटलं, "जरा नीटनेटकं केलं. एक फर्मा उलटा लागला होता, बघितलंत?"

"हो का," म्हणाले.

पुस्तक खाली ठेवताना फार सांभाळून ठेवलं, दुसऱ्या कुणाचं असावं तसं. दिवसभर जेवले नाहीत. पोट बिघडलं असावं. ओवा दिला, तोही तसाच.

२९ मार्च

हे आता मेजाशी बसत नाहीत. पण पिशव्या वेळेवर जाताहेत. साहेबांचा निरोप आला की काम पहिल्यापेक्षा सुबक आहे. खळकाका म्हणाले, "वहिनी, ह्याला म्हणावं आमची लाज राख. साहेब आता आमच्या नाकासमोर तुमची पुस्तकं धरतात."

हे ऐकत होते. मी मनात देवाचे आभार मानले. मनात कुठेतरी बोचत होतं, पण मी त्याच्याकडे बघितलं नाही.

१२ एप्रिल

बाईंनी ह्यांना विचारलं, "या दिवसांत तुमचं स्वतःचं म्हणावं असं काय झालं?"

"काही नाही."

"एवढी पुस्तकं झाली की."

ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "झाली," म्हणाले.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "काकू, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

बाहेर बाकावर बसले. आत काय बोलणं झालं कुणास ठाऊक. येताना वाटेत विचारलं तर म्हणाले, "हवापाण्याचं." बाईंना सांगावं, असं माझ्या ओठावर आलं होतं. पण सांगितलं तर पिशवी बंद, खातं बंद, आणि जूनला किती अवकाश राहिलाय? आधी जागा तर पक्की होऊ दे. एकदा हे आपल्या मेजावर जाऊन बसले की जुना हात परत येईल. हात आधी, मन मागून, हे बाईंनीच सांगितलंय.

४ मे

ग्रंथालयात बैठक. साहेब, बाई, हे आणि मी. साहेबांच्या मेजावर आमचीच पुस्तकं रचलेली. एक उघडून, पाठ दाबून साहेब म्हणाले, "ह्या माणसाला अर्धा दिवस कशाला? सोमवारपासून पूर्ण दिवस येऊ दे. मुदतही सरत आलीय."

बाई म्हणाल्या, "मला घाई वाटते. आधी रोज दोनच तास."

"अहो बाई, काम बघा ना तुम्ही!"

"काम बघतेय. माणूसही बघतेय."

 मला राहवलं नाही. म्हटलं, "जमेल ह्यांना पूर्ण दिवस."

बाईंनी ह्यांना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

"ही म्हणते तर जमेल."

साहेब हसले. "शहाणा नवरा!" मीही हसले. बाई हसल्या नाहीत.

७ मे

गेले! इस्त्रीचा सदरा, डबा, छत्री. कोपऱ्यावरून वळून बघतील म्हणून दारात उभी राहिले. वळले नाहीत, पण गेले. तीन वर्षांनी घरात मी एकटी होते. मेज पुसलं, हत्यारं डब्यात भरली. काय करावं सुचेना. उगाच दोनदा झाडलं.

१६ मे

रोज जाताहेत. डबा निम्मा परत येतो. आल्यावर बूट न काढता पलंगावर बसून राहतात. मी काढते.

"कसा गेला दिवस?"

"गेला."

२० मे

खळकाका रस्त्यात भेटले. इकडचं तिकडचं बोलले, एकही विनोद केला नाही.

"वहिनी, एक विचारू? घरी हा रोज बसायचा ना कामाला?"

"बसायचे की."

"मग इथं काय होतंय कळत नाही. आरी हातात घेऊन बसून असतो. मी त्याच्या वाटची माझ्यात मिसळून करतोय, अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही."

मी म्हटलं, "देव तुमचं भलं करो, भाऊजी. थोडे दिवस असंच ढकला."

"ढकलीन हो. पण मी पुस्तकं ढकलू शकतो, त्याला कसा ढकलू?"

३० मे

डबा उघडला तर आत कागदाच्या बारीक पट्ट्या. जुना, पिवळा कागद, प्रत्येक पट्टीवर अर्धी अर्धी अक्षरं. जेवण नव्हतंच, पट्ट्याच नीट घडी करून ठेवलेल्या. विचारलं तर पाठ फिरवली. तेलाचा हात न लागू देता मी त्या खणात ठेवल्या. कशाला तरी होतील.

३१ मे

खळकाका घरी आले, दारातच उभे राहिले. साहेबांनी ह्यांना एक जुनी पोथीवजा हस्तलिखित वही दिली होती, एकच प्रत, प्रदर्शनात मांडायची. खास विश्वासाने. खळकाका काल नेमके बाहेर पाठवले गेलेले. ह्यांनी ती शिवली आणि कडा कापायला यंत्रात घातली. पट्टीचं माप न घेता दांडा ओढला. प्रत्येक पानाची शेवटची ओळ मधोमध कापली गेली.

"नंतर खाली बसून एकेक पट्टी गोळा करत होता, वहिनी. साहेब ओरडत होते, ह्याला ऐकूच येत नव्हतं. मोठ्याने तीच अक्षरं वाचायचा प्रयत्न करत होता."

मी खणातून पट्ट्या काढून त्यांना दिल्या. त्यांनी त्या खिशात घातल्या नाहीत, दोन्ही तळव्यांवर धरून नेल्या.

४ जून

पुन्हा तीच खोली, तेच आम्ही. साहेबांचा आवाज आज चढलेला नव्हता, तेच जास्त वाईट.

"घरी एवढं सुबक काम करणारा माणूस इथं धड टाकाही घालत नाही. मला समजावून सांगा कुणीतरी."

बाईंनी ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "घरची पुस्तकं कोणी केली होती?"

 देवाची शपथ, मी बोलणार होते. तोंड उघडलंही होतं. पण साहेब समोर होते, ह्यांची नोकरी मेजावर होती, आणि खोटेपणाचा ठपका ह्यांच्यावर आला असता.

हे म्हणाले, "मीच केली. आता हात राहिला नाही."

इतक्या दिवसांत ह्यांचा आवाज एवढा स्पष्ट मी ऐकला नव्हता.

साहेबांनी मान हलवली. "मग माझ्या हातात काही नाही." आजार उलटला, काम झेपत नाही, असं कागदावर झालं. ह्यांनी सही केली. सही अजून सुंदर येते.

घरी येताना मी म्हटलं, "असं का बोललात?"

"काय बोलायला हवं होतं?"

 

११ जून

ह्यांना न सांगता बाईंकडे गेले. सगळं सांगितलं. वाटलं होतं ओरडतील. ओरडल्या नाहीत. पुढ्यातलं पाणी माझ्याकडे सरकवलं.

"साहेबांना मी येऊन सांगते," मी म्हटलं. "पाया पडते त्यांच्या."

"सांगू या. पण हस्तलिखित गेलंय काकू, ते आता त्यांना घेणार नाहीत." मग हळूच विचारलं, "त्यांनी स्वतः केलेलं एकही नव्हतं का?"

"एक होतं ना. आठवडा घालवला त्यात. पण फारच वाईट झालं होतं, फर्मा उलटा, खळ बाहेर. ते मी पूर्ण उसवून नव्याने शिवलं. ह्यांना दाखवलंसुद्धा."

बाईंनी पुढ्यातली वही मिटली. चष्मा काढून हातात धरून बसल्या. सगळ्या गोष्टींत ही एकच गोष्ट त्यांना एवढी का लागावी? ते तर मी सुधारलं होतं.

निघताना म्हणाल्या, ग्रंथालयाने नाव कमी केलं तरी त्यांना घेऊन या, मी बघेन. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "त्यांचा वेळ कशाला."

२ जुलै

जागा गेली. पत्र आलं. वन्सं आल्या होत्या, टोमणा मारतील म्हणून मी तयारीने होते. त्या भावाच्या शेजारी पलंगावर बसून राहिल्या. हेही बसलेले, त्याही बसलेल्या. जाताना मला म्हणाल्या, "तू तरी जेवत जा गं." तो टोमणा असता तर बरं झालं असतं.

देवापुढे बसते, पण मागायला काही सुचत नाही. आधी मागणं ठरलेलं होतं. आता नुसतं नाव घेते, माळ संपते, पुन्हा सुरू करते.

१५ जुलै

खळकाका आले. हातात पिशवी. ह्यांच्याकडे न बघता माझ्याशी बोलले.

"वहिनी, चिडू नका. बाईंनी साहेबांना खरं काय ते सांगितलं.  काल म्हणाले, खात्यात माणूस कमी आहे, आणि तो हात कुणाचाही असो, हात चांगला आहे. घरबसल्या कराल का, विचारून ये. बघा, मी नुसता निरोप्या आहे."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. म्हटलं, "नाही हो भाऊजी, कसं शक्य आहे. न्या ती पिशवी परत."

आतून ह्यांचा आवाज आला, "ठेव रे ती."

दोघंही वळलो. हे दारात उभे होते.

"हिला दे. हिचा टाका सरळ पडतो."

त्यात राग नव्हता. राग असता तर मी पाय धरले असते. खळकाकांनी पिशवी खाली ठेवली आणि चप्पल घालताना दोनदा अडखळले.

१८ जुलै

आज पहिलं पुस्तक घेतलं. घर चालायला हवं, मुदतीत काम द्यायला हवं, नाही म्हणून काय करणार. मेज खिडकीशी आहे, पण ह्यांची खुर्ची तिथंच, दिवसभर हे तीत बसून समोरच्या भिंतीकडे बघतात. मी बाजूला पाटावर बसून शिवू लागले. उजेड पुरेना, सुईचं नाक दिसेना.

मी काही म्हटलं नव्हतं. हे उठले. खुर्ची दोन्ही हातांनी उचलली, खोलीच्या पार आतल्या कोपऱ्यात नेऊन ठेवली आणि तीत बसले. खिडकी मला मोकळी झाली.

कितीतरी महिन्यांत कुणी न सांगता ह्यांनी केलेली ही गोष्ट. बाईंच्या तक्त्यात लिहिण्यासारखी होती. पण तक्ता आता कुणी मागत नाही.

मी मेजाशी बसले. उजेड चांगला होता. टाके सरळ आले.